पडद्यावरचे अक्षर: वाचायला सोपे कोणते?



तुमच्या शाळेचे संकेतस्थळ असेल, निदान विज्ञान मंडळाचे एखादे पान तरी असेल. नसले तर आज ना उद्या ते तयार करण्याची कामगिरी तुमच्यापैकीच कोणावर तरी येणार आहे. अशा वेळी आपण पहिल्याने काय करतो? संगणकावर टंकांची, म्हणजे फॉन्टची, यादी उघडतो आणि त्यातले डोळ्यांना छान दिसेल ते अक्षर उचलतो. आम्हीही तेच केले होते.

झाले असे. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मंडळाने जलसंजीवनीविषयी एक पान तयार केले. जुलाब लागले की शरीरातले पाणी आणि क्षार भराभर कमी होतात आणि लहान मुलांच्या जिवाला धोका पोहोचतो. आरोग्य केंद्रात मिळणारी पुडी जवळ नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजायचे, एवढीच माहिती होती. अक्षर आम्ही मोठे नाजूक, बारीक रेषांचे निवडले होते. शाई करडी होती. मुलांनी फार कौतुक केले.

चारच दिवसांनी शेजारच्या वस्तीवरच्या एक ताई हातात फोन घेऊन आल्या. "अहो गुरुजी, लिटरभर पाण्यात बारा चमचे मीठ घालायचं लिहिलंय तुम्ही. लेकरू ते पिईल तरी का?"

मी फोन हातात घेतला. आम्ही '१/२ चमचा मीठ' असे लिहिले होते. एक आणि दोन यांच्यामधली तिरकी रेघ त्यांच्या फोनवर जवळजवळ दिसतच नव्हती. उरले होते ते '१ २', म्हणजे बारा! ताईंनी विचारले म्हणून बरे झाले. मिठाचे प्रमाण एवढे वाढले तर रक्तातील सोडियम वाढते, पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते आणि ज्या रोगावर उपाय करायचा तोच बळावतो. पान मी तेव्हाच काढून टाकले.

ती रेघ कोठे गेली? हे शोधताना आम्हांला डोळ्याविषयी, आपल्या लिपीविषयी आणि पडद्याविषयी बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. त्याच आज पाहू.

डोळा उड्या मारतो

आपण वाचतो तेव्हा नजर ओळीवरून, रुळावरून गाडी जावी तशी, सरकत जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाचनाचा अभ्यास केला. नजर उड्या घेत जाते, मध्ये क्षणभर थांबते आणि पुन्हा उडी घेते, हे त्या काळच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. प्रत्येक थांबा साधारणपणे सेकंदाचा चौथा किंवा पाचवा भाग एवढा असतो. मजकूर टिपला जातो तो या थांब्यांत. उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो.

हे तुम्हांला स्वतः पाहता येईल. वर्तमानपत्राच्या पानाच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. मित्राला ते पान डोळ्यांसमोर धरून मनातल्या मनात वाचायला सांगा आणि तुम्ही मागच्या बाजूने भोकाला डोळा लावून त्याची बुबुळे पाहा. बुबुळे झटक्याझटक्याने सरकताना दिसतील. एका ओळीत किती झटके बसतात ते मोजा. नंतर त्याला अवघड किंवा पुसट छपाईचा मजकूर द्या आणि पुन्हा मोजा.

डोळा असे का करतो? दृष्टिपटलाचा अगदी थोडा भाग स्पष्ट पाहू शकतो. हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याची रुंदी डोळ्याशी सुमारे दोन अंशांचा कोन करते आणि सुस्पष्ट दृष्टीचे क्षेत्र जवळपास तेवढेच आहे. म्हणून बारीक अक्षर पाहायचे तर डोळ्याला ही छोटी खिडकी ओळीवरून पुढे पुढे न्यावी लागते. अक्षर चटकन ओळखू आले तर थांबा थोडक्यात आटोपतो. घोटाळा झाला तर थांबा लांबतो, किंवा नजर मागे उडी घेऊन तोच शब्द पुन्हा पाहते. चांगल्या वाचकाची नजरही अधूनमधून अशी मागे जातेच. अक्षर वाईट असेल तर हे मागे जाणे वाढते, वाचणारा दमतो आणि तो का दमला ते त्याचे त्यालाही कळत नाही. वर्गात एखादा मुलगा 'वाचनात कच्चा' ठरतो, त्या वेळी त्याच्या हातातला कागद कसा छापलेला आहे हे शिक्षकांनी एकदा पाहून घ्यावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

देवनागरीची बांधणी

टंकनिवडीविषयी जो उपदेश वाचायला मिळतो तो बहुतेक रोमन लिपीवरच्या प्रयोगांतून आलेला असतो. अमेरिकेतील माइल्स टिंकर यांनी अनेक वर्षे असे प्रयोग केले आणि १९६३ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. सगळा मजकूर मोठ्या लिपीतील, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत छापला तर वाचनाचा वेग लक्षात येण्याइतका घटतो, हा त्यांचा एक निष्कर्ष. पण आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत! या निष्कर्षाचा आपण काय उपयोग करणार? तेव्हा आपल्या लिपीकडे आपल्यालाच नीट पाहिले पाहिजे.

एक पट्टी घ्या. मराठी मजकुराच्या एका ओळीचा वरचा भाग अशा रीतीने झाका की शिरोरेषा आणि तिच्यावरचे सर्व काही झाकले जाईल. आता का, की, को आणि कौ यांत काही फरक उरला का? चौघांचाही नुसता काना दिसतो. अनुस्वार गेला, रफार गेला. आता उलट करा, ओळीचा खालचा भाग झाका. क, कु, कू आणि कृ एकच होऊन बसतील. म्हणजे आपल्या एका ओळीत खरे तर तीन मजले आहेत: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या व रफार, मध्ये अक्षरांचे अंग, आणि खाली उकार व ऋकार. तिन्ही मजल्यांवर अर्थ वसतीला आहे. यांपैकी एकही मजला टंककाराने दडपून बसवला की वाचकाची फसगत ठरलेली.

मधल्या मजल्यावरही जुळी भावंडे पुष्कळ आहेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक शिरोरेषेतील फटीवर आणि एका लहानशा गाठीवर अवलंबून आहे. 'ब' आणि 'व', 'प' आणि 'ष' यांच्यात एका आडव्या-तिरक्या रेघेचे अंतर. 'थ' आणि 'य' यांच्यात एका वळशाचे. आणि 'ख' ची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. त्याचे दोन भाग खाली जोडलेले नसले तर 'खाना' आणि 'रवाना' यांत गोंधळ होतो. अक्षर निवडताना सगळी वर्णमाला पाहत बसू नका. या जोड्याच पडद्यावर लिहा आणि दूर उभे राहून पाहा. फट बुजली, रेघ पुसली गेली, तर तो टंक कितीही देखणा असो, मजकुरासाठी तो नको.

जोडाक्षरे हा आणखी एक भाग. 'ष्ट्र', 'द्ध', 'द्व', 'ह्म', 'ज्ञ' यांत दोन-तीन अक्षरांचा ऐवज एका अक्षराच्या जागेत भरलेला असतो. रोमन लिपीतले 'एन' हे अक्षर दोन-तीन रेषांत संपते. तेवढ्याच उंचीत आपल्याला 'ष्ट्र' बसवायचा असतो. यावरून उघड आहे की इंग्रजी मजकुराला जो आकार पुरतो तो मराठीला पुरेलच असे नाही. एकाच पानावर दोन्ही भाषा असतील तर मराठी अक्षर थोडे मोठे घ्यावे.

आकार मोजायचा तो कोनात

'अक्षर किती मोठे असावे?' या प्रश्नाला नुसते मिलिमीटरमध्ये उत्तर देता येत नाही. भिंतीवरच्या फलकाचे अक्षर हातभर उंच असते, पण ते मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून पाहायचे असते. डोळ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो अक्षराने डोळ्याशी केलेला कोन. हा कोन लहान असल्यामुळे तो अंशाच्या साठाव्या भागात, म्हणजे कोनीय मिनिटांत, मोजतात. आपले जुने ज्योतिषी याच मापाला कला म्हणत. हिशेब सोपा आहे. अक्षराच्या उंचीला अंतराने भागा आणि ३,४३८ ने गुणा. (एका रेडियनमध्ये सुमारे ३,४३८ मिनिटे असतात, म्हणून हा आकडा.)

डोळ्यांच्या डॉक्टरकडील तक्त्यावरची जी ओळ निरोगी डोळ्याने वाचता यावी अशी अपेक्षा असते, तिच्यातील अक्षर ५ मिनिटांचा कोन करते. पण ही झाली ओळखण्याची सीमा. त्या सीमेवर राहून पानेच्या पाने वाचता येत नाहीत. रोमन लिपीवरील अभ्यासांत असे दिसते की, लहान अक्षरांच्या अंगाची उंची सुमारे १२ मिनिटांच्या खाली गेली की वाचनाचा वेग घसरू लागतो. आपल्या लिपीतील गर्दी लक्षात घेता मी स्वतः शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची १५ मिनिटांहून कमी ठेवत नाही.

समजा, टेबलावरच्या संगणकाचा पडदा तुमच्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे आणि त्यावरील अक्षराचे अंग २.५ मिलिमीटर उंच आहे. मग कोन झाला २.५ ÷ ६०० × ३,४३८, म्हणजे सुमारे १४ मिनिटे. हे माझ्या मर्यादेच्या किंचित खालीच. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर १.५ मिलिमीटरचे अक्षर सुमारे १७ मिनिटांचा कोन करील. म्हणून फोनवर लहान अक्षर चालते. पण ज्यांना चाळिशी लागली आहे ते फोन लांब धरतात. हात ५० सेंटिमीटरपर्यंत ताणला की तेच अक्षर १० मिनिटांवर येते! पान तयार करणारा पंधरा वर्षांचा आणि वाचणारा पन्नास वर्षांचा असला की नेमका येथेच घोटाळा होतो.

शिक्षकांसाठी जाता जाता एक हिशेब. शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी फळ्यापासून ८ मीटरवर बसत असेल, तर १५ मिनिटांच्या कोनासाठी फळ्यावरचे अक्षर सुमारे साडेतीन सेंटिमीटर उंच हवे. एकदा पट्टी लावून पाहावे.

संकेतस्थळाच्या भाषेत अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये सांगतात. गंमत अशी की हे 'पिक्सेल' म्हणजे पडद्यावरचा खरा ठिपकाच असतो असे नाही. वेबच्या मानकांत त्याची व्याख्या मुळात कोनावरून केलेली आहे. २८ इंचांवरून पाहिलेल्या इंचाच्या ९६ व्या भागाएवढा तो मानलेला आहे, म्हणजे सुमारे १.३ कोनीय मिनिटे. न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, आपण काही सांगितले नाही तर सहसा १६ पिक्सेलचे अक्षर दाखवतो. मात्र १६ हा आकडा अक्षराच्या संपूर्ण चौकटीचा आहे. त्यात वरचा आणि खालचा मजलाही बसवायचा असतो, त्यामुळे मधल्या अंगाच्या वाट्याला चौकटीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत जागा येते. ती टंकागणिक बदलते. म्हणून दोन वेगळे टंक '१६' वरच ठेवले तरी एक ठेंगणा आणि एक ऐसपैस दिसतो. आकड्यावर विसंबू नका. मोजायचे ते अंग. मराठी मजकुरासाठी १८ च्या आसपास सुरुवात करून मग कमी-जास्त करणे बरे.

रेघ कोठे गेली?

आता आपल्या हरवलेल्या रेघेकडे वळू. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला एका वेळी एकच छटा धारण करता येते. आमच्या टंकातील बारीक रेघ चौकटीच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढी जाड होती आणि आकार आम्ही १४ ठेवला होता. १४ भागिले ४० म्हणजे सुमारे ०.३५. रेघेची जाडी एका ठिपक्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास झाली. ठिपका तिसरा हिस्सा काळा करता येत नाही. म्हणून संगणक तडजोड करतो आणि संपूर्ण ठिपका फिकट रंगवतो. काळ्या रेघेची अशी करडी सावली होते. तिरकी रेघ तर एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर सरकत जाते, त्यामुळे ती आणखीच विरते. आमची शाई आधीच करडी होती. करड्याची फिकट सावली, तीही ताईंच्या जुन्या फोनच्या भरड जाळीवर आणि अंगणातल्या उन्हात! रेघ दिसावी तरी कशी?

हल्लीच्या चांगल्या फोनांत ठिपके इतके दाट असतात की बारीक रेघही नीट उमटते. आम्ही पान तपासले होते ते अशाच एका नव्या फोनवर. चूक आमचीच होती.

शाई आणि कागद यांच्यातील फरक मोजण्याचेही एक सूत्र आहे. पडद्यावरील शुभ्र पांढऱ्याची तेजस्विता १ आणि निखळ काळ्याची ० मानतात. दोन्ही रंगांच्या तेजस्वितांमध्ये ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या बेरजेला लहान बेरजेने भागायचे. काळ्या-पांढऱ्यासाठी १.०५ ÷ ०.०५, म्हणजे २१. याहून जास्त फरक पडद्यावर शक्यच नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुरासाठी हे गुणोत्तर निदान ४.५ हवे. आमच्या करड्याची तेजस्विता ०.३ च्या आसपास होती. १.०५ ÷ ०.३५ बरोबर ३. नापास! तेजस्विता ०.१८ असती तर गुणोत्तर ४.५ च्या किंचित वर गेले असते. पण काठावर पास होण्याची हौस कशाला? मजकूर काळाच ठेवावा, फार तर काळ्याच्या अगदी जवळचा.

छापखान्यातला धडा

जुन्या छापखान्यांत शिशाचे खिळे असत. प्रत्येक आकाराचे अक्षर निराळे कोरावे लागे. लहान आकारासाठी कोरताना कारागीर बारीक रेषा थोड्या जाड करी आणि गाठींमधील पोकळी जरा मोकळी ठेवी, नाहीतर शाईने ती भरून जाई. मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे नावाजले गेले ते अशाच काळजीमुळे. हा सारा इतिहास ज्यांना खोलात वाचायचा असेल त्यांनी बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथ पाहावा. तो १९७१ साली महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. संगणकावर मात्र बहुधा एकच रेखाटन ताणून मोठे किंवा दाबून लहान करतात. मथळ्यासाठी काढलेले अक्षर मजकुरात वापरले की ते चिडीचूप होऊन बसते, त्याचे कारण हे.

पडद्यासाठी मुद्दाम काढलेल्या देवनागरी अक्षरांत 'मंगल' हे नाव तुम्ही ऐकले असेल. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला हा टंक विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. त्याआधी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक निराळा असे आणि तो आपल्या संगणकावर नसला तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोडने ही कटकट मिटवली. आज 'मुक्ता', 'नोटो सान्स देवनागरी', 'तिरो देवनागरी मराठी' असे कितीतरी टंक विनामूल्य वापरता येतात. पहिल्या दोघांत रेषेची जाडी जवळपास सारखी असते, त्यामुळे लहान आकारात ते टिकून राहतात. तिरोमध्ये बोरूच्या वळणाची जाड-बारीक रेषा आहे. मोठ्या आकारात मला तो फार आवडतो, पण भरड पडद्यावर मी तो मजकुरासाठी घेणार नाही.

टंक घेण्यापूर्वी त्याला मराठी नीट येते का हे पाहायला विसरू नका! देवनागरी येते म्हणजे मराठी येते असे नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द लिहून पाहा. पहिल्यात गुरुजनांना नमस्कार आहे, दुसऱ्यात स्वयंपाक करणाऱ्यांना. दोन्ही सारखेच दिसले तर टंक बाद. 'ॲ' हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, तेव्हा फार जुन्या टंकांत 'ॲसिड' लिहिले तर 'ॲ' च्या जागी रिकामा चौकोन उमटेल. तसेच पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठीची वळणे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेबरोबर अक्षरांची वळणेही ठरवून दिली. उजवीकडे उभा दंड असलेला हिंदी वळणाचा 'ल' चुकीचा नाही. पण पहिलीतल्या मुलाने जे वळण गिरवले तेच त्याला पडद्यावर भेटावे हे बरे. पुष्कळ टंकांत दोन्ही वळणे असतात. पानाच्या संकेतलेखनात भाषा मराठी असल्याची नोंद केली, म्हणजे 'एम' आणि 'आर' ही दोन ठरलेली रोमन अक्षरे लिहिली, की टंक आपण होऊन मराठी वळण पुढे करतो. ही नोंद करायला अनेक जण विसरतात.

ओळींमधील अंतराविषयी थोडक्यात सांगतो. वरच्या ओळीतील 'मृत्यू', 'शत्रू' यांचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीतील 'मूर्ती', 'सर्वांनी' यांचे रफार-अनुस्वार वर डोके काढतात. दोघांची टक्कर होता कामा नये. एका ओळीच्या तळापासून दुसरीच्या तळापर्यंतचे अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवले की भागते. ओळही फार लांब नको. ओळ संपल्यावर नजरेला लांबची उडी घेऊन पुढच्या ओळीचे तोंड गाठावे लागते आणि उडी लांबली की ओळ चुकते. मराठीत एका ओळीत आठ ते अकरा शब्द मला ठीक वाटतात. फोनवर ती अडचणच येत नाही.

तुम्हीच परीक्षक व्हा

शेवटी निवड करायची ती वर्गात प्रयोग करून. दोन टंक घ्या. सारख्या लांबीचे आणि सारख्याच अवघडपणाचे दोन निराळे उतारे निवडा, प्रत्येकी सुमारे दोनशे शब्दांचे. एकच उतारा दोनदा देऊ नका, कारण दुसऱ्यांदा तो पाठ झालेला असतो. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या गटाने आधी 'अ' टंक वाचावा आणि मग 'ब', दुसऱ्याने उलट. दुसऱ्या वाचनापर्यंत डोळे थकलेले तरी असतात किंवा हात बसलेला तरी असतो. क्रम असा उलटापालटा केला म्हणजे तो परिणाम दोन्ही टंकांना सारखाच लागू होतो. कोणत्या गटाला कोणता उतारा कोणत्या टंकात द्यायचा, तेही आलटून पालटून ठेवा. वेळ सेकंदांत मोजा, आणि वाचून झाल्यावर तीन-चार प्रश्न विचारा. घाईघाईने वाचून काहीच न समजलेल्याचा वेग काय कामाचा?

याशिवाय जुळ्या अक्षरांची एक अर्थहीन यादी करा: घध, भम, बव, षप, यथ, रवख, आणि अंकांत १, ९, ५, ६. शब्दाला अर्थ असला की मन चुका सावरून घेते. अर्थ नसला की डोळ्याला पळवाट उरत नाही. यादी वाचणाऱ्याला हळूहळू मागे सरकवा आणि पहिली चूक कोणत्या अंतरावर होते ते लिहून ठेवा. वर्गाचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्या. सरासरी घेतली तर एखाद्या चष्मा विसरलेल्या मुलामुळे ती भलतीकडे जाते. आणि परीक्षा घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, बाहेर उन्हात, घरच्या वडीलधाऱ्यांकडूनही करवून घ्या.

आमच्या वर्गात नाजूक टंकाची यादी पहिल्यांदा चुकली ती फार जवळ, आणि पहिली चूक झाली 'घध' वर. आम्ही रेषा जाड असलेला टंक घेतला, आकार १९ केला, शाई काळी केली. आणखी एक गोष्ट केली, तिचा टंकाशी काही संबंध नाही. '१/२' काढून टाकला आणि त्या जागी 'अर्धा' असे अक्षरांत लिहिले.

नंतर त्याच ताईंना बोलावले. त्यांचाच फोन, चष्मा नाही, हात लांब. त्यांनी सगळे पान न अडखळता वाचले. "एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ." मुलांनी टाळ्या वाजवायला हात उचलले तोच त्या म्हणाल्या, "आता वाचता येतंय सगळं. पण गुरुजी, चमचा कुठला? चहाचा का पोह्यांचा?"

पानावर 'चहाचा चमचा, ५ मिलिलीटरचा' असे शब्द त्याच दिवशी वाढवले.